आसा तसा रवांदे

विनू,

परवा तुझा पेनड्राइव्ह मी पुन्हा विसरलो.

'पुन्हा' वाचून तू कपाळाला हात लावला असशील. लाव, माझी तक्रार नाही. तू गेल्यापासून माझ्याकडे बघून कपाळाला हात लावणारं माणूस एकच उरलंय, माझी बायको, आणि तिला एकटीला एवढं काम झेपत नाही.

नुसता विसरलो असतो तर लिहायला बसलो नसतो. मी छत्री विसरतो, चष्मा विसरतो, एकदा कणकवलीत स्कूटर विसरून एसटीने घरी आलो होतो, हे तुझं सगळ्या मालवणला सांगून झालेलं आहे. पण हा विसरलो तो परब बाईंच्या शाळेच्या कचेरीतल्या कॉम्प्युटरला लावलेला, आणि लाईट गेलेली असताना. यातली भीती तुला तेवढ्यावरच कळेल. पण हे आणखी चार माणसं वाचतील, म्हणून तुला ठाऊक असलेलंच आधी सांगतो. कंटाळलास तर पुढे जा. तसाही तू माझं बोलणं कधी पुरतं ऐकून घेतलं नाहीस.

मुंबईच्या कंपनीतली, त्या गार हवेच्या यंत्रखोलीतली नोकरी संपवून तू घरी परत आलास, तेव्हा मला वाटलं आता आपण दोघं संध्याकाळी जेटीवर बसून लोकांची निंदा करू. तू पडवीत जुने कॉम्प्युटर रचायला लागलास. तुझ्या जुन्या कचेरीने भंगारात काढलेले, खोक्यांवर खोकी. वहिनी मला म्हणाल्या होत्या, "माणसां रिटायर झाली काय झाडां लावतत. ह्यांनी भंगाराचां दुकान घातल्यानी."

तुझं गणित सरळ होतं. यंत्रं जुनी, पण मेलेली नाहीत. त्यांच्यात विंडोजऐवजी लिनक्स घालायचं, कारण ते फुकट, अंगाने हलकं आणि मराठी जाणणारं. आणि शाळांना द्यायची. अडचण एवढीच, की एकेका यंत्रात ते घालताना ते माणसाला छळतं. भाषा कुठली, घड्याळ कुठल्या देशाचं, कळफलक कोणता, नाव काय, पासवर्ड काय, डिस्क पुसून टाकू का. प्रत्येक यंत्रापुढे बसून हीच उत्तरं देत राहिलो तर जन्म जायचा. म्हणून तू पेनड्राइव्ह घडवलास. त्याच्यात लिनक्स आणि सोबत एक फाईल. तिच्यात सगळ्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेली. यंत्राला पेनड्राइव्ह लावायचा, बटण दाबायचं. यंत्र प्रश्न काढणार, फाईल उत्तरं देणार, माणसाने चहा प्यायचा.

"म्हणजे पेपर फुटलेलो," मी म्हटलं. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार.

"गाऱ्हाणा म्हण," तू म्हणालास. "देवाक गाऱ्हाणा घालणारो एकदाच सगळा बोलान घेता. बाकीच्यांनी नुसता 'व्हय म्हाराजा' म्हणूचा."

तेव्हापासून त्याचं नाव गाऱ्हाणं पडलं. 'गाऱ्हाणा घेतलंस?' हा तुझा रोजचा प्रश्न. मी घेतलेलं नसायचंच.

तुझ्या मागे लोक मला तुझा मदतनीस म्हणतायत. ऐकून बरं वाटतं, पण तू ऐकलंस तर चितेवरून उठून बसला असतास. माझी पहिली मदत आठव. तू म्हणालास, मास्तरा, या सगळ्याची मिळून एक फाईल केलीय, तिचा आणखी एक पेनड्राइव्ह तयार करून ठेव. मी ती फाईल उचलून दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवली. डब्यात भाजी ठेवावी तशी. शाळेत सगळ्या शिक्षकांसमोर तो लावला. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. मी म्हटलं, विचार करतंय. सगळे शिक्षक रेघेकडे बघत उभे. तू आलास, बघितलंस आणि हळूच माझ्या कानात म्हणालास, "नारळ देवळात नेलंस. फोडूक नाय."

म्हणजे फाईल ठेवायची नसते, ती पेनड्राइव्हभर उलगडून लिहायची असते. आता मला येतं. नारळ फोडताना मला अजून तेच आठवतं आणि नारळ हमखास वाकडा फुटतो.

पण तूही काही धुतल्या तांदळाचा नव्हतास. सावंतवाडीची ती शाळा. फाईलीत तू लिहिलं होतंस, पहिली सापडेल ती डिस्क पूस आणि तिच्यात लिनक्स घाल. तिथल्या एका यंत्राला पहिला सापडला तो तुझा पेनड्राइव्हच. त्याने इमानाने तोच पुसला. गाऱ्हाणं घालणाऱ्यानेच स्वतःच्या टाळक्यात नारळ फोडून घेतला. आपण दोघं तळ्याच्या काठावर जाऊन बसलो आणि तू हसत सुटलास. हसता हसता तुला खोकला लागला. मला आता असं वाटतं, की तो खोकला तिथेच लागला आणि मग गेलाच नाही. वहिनी म्हणतात, तसं काही नाही, तो आधीपासून होता. होता असेल. मी मात्र तुला हसवायचं त्या दिवसापासून जरा कमी करायला हवं होतं, असं उगीच वाटतं.

आणि मग माझं आत्मचरित्र.

गाऱ्हाणं मी घरच्या कॉम्प्युटरला लावलं होतं, त्यातली एक फाईल बघायला. काढायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर चालू करून मी दाढी करायला गेलो. परत आलो तर पडदा स्वच्छ, सुंदर, नवा. लिनक्स मराठीत माझं स्वागत करत होतं. माझ्या आत्मचरित्राची पहिली तीन प्रकरणं, ज्यांत मी जेमतेम पाचवीपर्यंत पोचलो होतो, ती अनंतात विलीन. मी रडवेला होऊन तुला फोन केला.  तू म्हणालास, "मराठी वाङ्मयार उपकार केलंस."

पण त्याच आठवड्यात तू गाऱ्हाण्यात एक प्रश्न घातलास. बाकी सगळी उत्तरं फाईल देणार, पण पुसण्याआधी यंत्र थांबणार आणि विचारणार, सगळा पुसूचा काय? आपण 'व्हय' असं टाईप करायचं, तरच पुढे. देवनागरीत करून बघितलंस, पण त्या काळ्या पडद्याला आपली अक्षरं जोडता येईनात. वेलांटी एका गावात, अक्षर दुसऱ्यात. शेवटी इंग्रजी लिपीत मालवणी लिहिलंस. आणि तेवढ्याने माझी खात्री नाही म्हणून सावंतवाडीच्या बाजारातून एक लाकडी वांगं आणलंस, मुठीएवढं, जांभळं, देठासकट. ते पेनड्राइव्हला बांधलंस. "आता ह्या खंय विसरतलंस ता बघतंय," म्हणालास. ते खिशात घातलं की मला स्कूटरवर धड बसता यायचं नाही. तोच तुझा हेतू होता.

वांग्याला माझी हरकत नव्हती. हरकत प्रश्नाला होती.

हसण्यासारखं आहे, ठाऊक आहे. ज्याचं पुसलं गेलं तोच म्हणत होता की विचारू नका. पण प्रत्येक यंत्रापुढे जाऊन 'व्हय' लिहा, पुढच्यापुढे जाऊन 'व्हय' लिहा. मग स्वयंचलित कशाला म्हणायचं? आणि खरं सांगू, तो प्रश्न माझ्यासाठी घातलेला आहे हे मला कळत होतं. पडद्यावर तो आला की मला वर्गात उभं केल्यासारखं व्हायचं. 'तुमची खात्री आहे ना' असं मला दिवसभर विचारणारी बायको घरात असताना आणखी यंत्राने का विचारावं?

"देवाक सुद्धा कौल लावतत," तू म्हणायचास. "मगे कामाक हात घालतत. तुझा मशीन काय देवापरास मोठा?"

"देव एकदाच सांगता. तुझो पेनड्राइव्ह दर मशीनीक विचारता."

"विचारतलोच. दर मशीनीचो देव वेगळो."

"आणि कौल पडलोच नाय तर?" मी एकदा चिडून विचारलं होतं. दोन्ही बाजूंच्या पाकळ्या देवाच्या अंगाला चिकटून बसल्या, उजवी पडेना, डावी पडेना, तर?

"तर उठान घराक जावचा," तू म्हणालास. "काम करूचा नाय. इतक्या पण माहीत नाय तुका?"

हा वाद आपण किती ठिकाणी केला. जेटीवर, तुझ्या पडवीत, तुझ्या मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नाच्या पंगतीत, तिथे वाढप्याने दोघांनाही दोनदा वाढलं कारण आपलं लक्षच नव्हतं. सोलकढीत लसूण असावी की नाही यावर तू शाळेपासून हटला नाहीस. यावरही हटणार नाहीस, हे मी गृहीत धरलं होतं. म्हणून तर मी एवढ्या मोकळेपणाने भांडत होतो. समोर भिंत आहे म्हटल्यावर माणूस निर्धास्त डोकं आपटतो.

मग ओरोसचा दवाखाना. तू खाटेवर, मांडीवर तो छोटा कॉम्प्युटर. वहिनी ओरडत होत्या आणि तू ऐकत नव्हतास, तेव्हा सगळं ठीक वाटत होतं. त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, परब बाईंच्या शाळेतली यंत्रं तशीच पडून आहेत, तू बरा झालास की जाऊ, आणि तो प्रश्न तेवढा काढ बाबा.

तू म्हणालास, "काढलंय."

"काय?"

"काढलंय रे प्रश्न. नवो लिवन ठेवलंय. आता एक अक्षर विचारूचो नाय. तुझ्या मनासारख्या केलंय. झाला समाधान?"

मी एवढा खूष झालो की रक्तदाब बघायला आलेल्या सिस्टरना सांगितलं, आज हा माणूस माझ्यापुढे पहिल्यांदा हरला. त्या हसल्या. तूही हसलास. डोळे मिटून.

एसटीत बसल्यावर मला भीती वाटली. आधी कळेना कसली. मग कळलं. विनू हरत नाही. विनू हरला, तर काहीतरी संपलंय. इतका दमलाय, की आता मास्तराशी कोण भांडत बसणार, घे बाबा तुझ्या मनासारखं, असं त्याला वाटलंय. पुढच्या वेळी आलो की विचारायचं ठरवलं, खरंच पटलं म्हणून काढलास का रे? की कंटाळलास?

पुढच्या वेळी तू बोलण्याच्या अवस्थेत नव्हतास. मी खाटेजवळ बसून पावसाचं बोललो.

हा प्रश्न मी त्यानंतर कुणालाच सांगितला नाही. तुझ्या बाराव्याला लोक चांगलं चांगलं बोलत होते आणि माझ्या डोक्यात एकच, की मी एका आजारी माणसाकडून वाद जिंकून घेतला.

आता परवाचं.

परब बाईंचा फोन आला. शाळेतल्या प्रयोगशाळेची यंत्रं जोडून ठेवलीत, मुलं रोज विचारतात, मास्तर, तुम्ही याल का? मी वहिनींकडे गेलो. गाऱ्हाणं तुझ्या पडवीतल्या खिळ्याला टांगलेलं होतं, वांग्यासकट. वहिनींनी ते काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "सांभाळून वापरा हां भावजी. ह्यांनी शेवटी शेवटी त्याच्यातच डोक्या घातल्यानी होता." मी खिशात घातलं आणि स्कूटरवर वाकडा बसून कट्टा गावाच्या पलीकडे शाळेत गेलो.

शाळेत पोचल्यावर बाई म्हणाल्या, आधी चहा. चहा येईपर्यंत मी म्हटलं, बघू तरी, गाऱ्हाणं नीट आहे ना. कचेरीतला कॉम्प्युटर चालूच होता. बाई त्याच्यावर दहावीच्या मुलांचे अंतर्गत गुण भरत होत्या. "बसा मास्तर, बघा. माझं बरंचसं झालंय," त्या म्हणाल्या. "दुसरीकडे कॉपी करून ठेवायची आहे, तुम्ही आलाच आहात तर तेवढी करून द्या." हो म्हटलं. पेनड्राइव्ह लावला, फाईली दिसल्या, हायसं वाटलं. आणि लाईट गेली.

बाई म्हणाल्या, आता तासाभराची निश्चिंती. मी म्हटलं, तोवर कट्ट्याला जाऊन एक्स्टेंशन बोर्ड घेऊन येतो. आणि निघालो. स्कूटरवर मस्त ऐसपैस बसून. तिथेच मला संशय यायला हवा होता.

दुकानात बोर्ड घेतला, पैसे द्यायला खिशात हात घातला. चावी, बडीशेपेची पुडी, रुमाल. वांगं नाही. मी दोन्ही खिसे उलटे केले. तेवढ्यात डोक्यावरचा पंखा फिरायला लागला.

विनू, पंखा फिरताना बघून घाम फुटलेला माणूस तू बघितला नसशील. शाळेत पोचल्यावर त्या कॉम्प्युटरबद्दल जे विसरलो होतो, ते सगळं आता एकदम आठवलं. कचेरीतल्या यंत्राचं बटण आत गेलेलं आहे. म्हणून लाईट आली की ते आपोआप चालू व्हावं, अशी सोय तू करून दिलेली. आणि चालू होताना आधी पेनड्राइव्हकडे बघावं, मग पोटातल्या डिस्ककडे, अशी सोय मी करून ठेवलेली, दर वेळी कळ दाबायचा कंटाळा म्हणून. एक सोय तुझी, एक माझी. आणि मधे तुझं नवं गाऱ्हाणं. आता एक अक्षर विचारूचो नाय.

"काय झाला मास्तर?" दुकानदार म्हणाला. "तब्येत बरी आसा मां?"

"लाईट इली काय?"

"इली मां. पंखो फिरता, दिसणा नाय?"

"शाळेकडे इली असात काय?"

"ता आता शाळेक विचारूक होया."

फोन लावला. बाईंचा फोन लागेना. लाईट गेली की तिथला टॉवरही जातो. म्हणजे फोन लागत नाही याचा अर्थ लाईट अजून आलेली नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि स्कूटरला किक मारली. बोर्ड दुकानातच राहिला.

त्या रस्त्यावर मी आयुष्यभर ये-जा केली, पण परवा पहिल्यांदा घराघरात लाईट शोधत गेलो. गिरण बंद होती. बरं वाटलं. पुढे एका पडवीत टीव्ही चालू. त्या टीव्हीवर भाजी चिरणाऱ्या बाईने माझं काही वाकडं केलं नव्हतं, पण मी तिला शिव्या घातल्या. वळणावर विहिरीचा पंप घरघरत होता. देवळाजवळ शांत. रवळनाथाला हात जोडायला हँडलवरचा हात सोडला आणि गटारात जाता जाता वाचलो.

डोक्यात बाई होत्या. चष्मा नाकावर घेऊन एकेका मुलाचा गुण दोनदा तपासणाऱ्या. कुणाचा बाप बोटीवर, कुणाची आई मुंबईला कामाला. त्यांचे वर्षभराचे गुण, आणि मी, आणि वांगं. पुन्हा भरायचे म्हणजे सगळे कागद पुन्हा जमवायचे, मुदत तोंडावर. बाईंना तोंड कसं दाखवू? 'विनायकरावांच्या मागे मास्तरांनी काम चालवलं' असं त्या गावभर सांगत होत्या.

हे सगळं खरं. पण तुला म्हणून सांगतो, याच्या खाली दुसरी एक भीती होती आणि ती जास्त चावत होती. ते यंत्र पुसलं गेलेलं असेल, तर तू खरंच प्रश्न काढलास. म्हणजे तू खरंच हरलास. दवाखान्यातल्या त्या खाटेवर तुला आता मास्तर काय करील याची काळजी उरली नव्हती. आणि न विचारता पुसणारं काहीतरी, माझ्यासारख्याच्या हातात देऊन तू डोळे मिटलेस. तसा तू नव्हतास. तसा तू शेवटी झालास का, याचं उत्तर शाळेच्या कचेरीत होतं. मला तिथे लवकर पोचायचं होतं आणि पोचायचंही नव्हतं.

वाटेत तुझ्याशी भांडलो. मोठ्याने. कशाला ऐकलंस माझं? शाळेपासून कधी ऐकलं नाहीस, आणि ऐकायला हीच वेळ मिळाली? रस्त्याकडेला गवताचा भारा घेऊन चाललेल्या बाईने दचकून बाजू दिली.

शाळेच्या व्हरांड्यातला दिवा चालू होता.

मी कचेरीत शिरलो. बाई खुर्चीत बसून टाईप करत होत्या. कॉम्प्युटरच्या कडेला तुझं जांभळं वांगं लोंबत होतं.

"या मास्तर. एवढे घामाघूम? बोर्ड मिळाला?"

"बाई, गुण?"

"कसले गुण?"

"मुलांचे. आहेत?"

"आहेत की. भरतेच आहे." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बसा आधी. पाणी घ्या."

"लाईट आल्यावर मशीन चालू झालं का?"

"झालं आपोआप. नेहमी होतं तसं."

"काही विचारलं त्याने?"

"नाही हो. काळ्या पडद्यावर कायतरी दोन ओळी आल्या, बाजूला आकडे उलटे जात होते. मी चष्मा पुसून बघीपर्यंत गेलं. मग आपलं रोजचं सुरू झालं." आणि मग, वांग्याला बोट लावून, "हे छान आहे. कुठून आणलंत? सावंतवाडीचं ना?"

मी वांग्यासकट पेनड्राइव्ह काढला.  पाणी न पिताच प्रयोगशाळेत गेलो, कोपऱ्यातल्या एका जुन्या यंत्राला तो लावला आणि बटण दाबलं.

काळा पडदा. इंग्रजी अक्षरांत तुझी मालवणी.

पहिली ओळ: आसा तसा रवांदे.

दुसरी ओळ: सगळा पुसून नवा घाल.

उजेडाची पट्टी पहिल्या ओळीवर, म्हणजे 'आहे तसं राहू दे' वर. खाली आकडे उलटे सरकत होते. मी हात मांडीवर ठेवून बघत बसलो. आकडे संपले आणि यंत्राने पेनड्राइव्हकडे पाठ फिरवली, पोटातल्या डिस्कवरून आपलं जुनंपुराणं चालू झालं. जणू काही कुणी काही लावलंच नव्हतं.

प्रश्न काढलास, कबूल. एक अक्षर विचारलं नाही. मास्तर गप्प बसला, विसरला, कट्ट्याला निघून गेला, तर कौल पडला नाही असं समजायचं आणि उठून घरी जायचं. पुसायचंच असेल, तर मास्तराने यायचं, बाणाची कळ दाबून पट्टी खाली न्यायची, स्वतःच्या बोटाने. तू हरला नव्हतास. डोळे मिटून हसत होतास, तेव्हा मला फसवत होतास. खोकत खोकत, वहिनींच्या शिव्या खात, मी तो पुढे कुठे विसरणार याचा विचार करत बसला होतास आणि तिथे आधीच जाऊन उभा राहिलास.

बाई दारात आल्या होत्या. "मास्तर, काय झाला? रडतास कित्याक?" कचेरीबाहेर बाईही आपल्यासारख्याच बोलतात.

"वाद हरलंय, बाई."

"कोणाबरोबर?"

"विनूबरोबर."

 त्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि तिथेच ठेवून गेल्या.

गुणांची कॉपी मी आधी करून दिली, दोन ठिकाणी. मग प्रयोगशाळेत परत आलो. पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं. दोन ओळी आल्या. आकडे सरकायला लागले. मी खालच्या बाणाची कळ दाबली, पट्टी दुसऱ्या ओळीवर आली आणि आकडे थांबले. एंटर दाबला.

भाषा मराठी, घड्याळ आपलं, कळफलक आपला. ओळी भराभर वर सरकत होत्या, सगळी उत्तरं तुझी. तू अशा वेळी व्हरांड्यात जाऊन उभा राहायचास, मला म्हणायचास, चल, बघत बसून दूध उतू जायचं थांबत नाही. मला उठवेना. डिस्क पुसायची वेळ आली, मी खुर्चीत पुढे सरकलो. तिथे तो प्रश्न पूर्वी यायचा. मी इतकी वर्षं ज्याच्यावर चिडलो तो. बोटं मी 'व्हय'साठी कळांवर नेऊन ठेवली होती.

यंत्राने काही विचारलं नाही. पुढे गेलं. मी तसाच बसून राहिलो, विचारील म्हणून.